बांबीच्या बापाला निष्ठुर ठरवण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पडद्यावरच्या कडक बापांविषयीचा लेख वाचला. त्यात डिस्नेच्या १९४२ सालच्या ‘बांबी’मधल्या थोरल्या नर हरणाला, म्हणजे बांबीच्या बापाला, ‘भावनाशून्य’ असे एकच विशेषण लावून लेखिका पुढच्या बापाकडे वळल्या. आई मारली गेली तरी पाडसाला जवळ घेत नाही, एवढा एकच पुरावा. त्या पुराव्याबद्दलच थोडे लिहितो.

तो प्रसंग पुन्हा पाहावा. गोळीचा आवाज येतो. मारणारा माणूस दिसत नाही, पडलेली आईही दिसत नाही. बर्फात पाडस हाका मारत हिंडते आणि अचानक समोर तो थोरला नर उभा असतो. आई आता तुझ्याजवळ येऊ शकणार नाही, एवढेच तो सांगतो. ‘मेली’ हा शब्द त्याच्या तोंडी नाही. मग ‘चल, बाळा’ म्हणून तो चालू लागतो. लेखिकेला यात कोरडेपणा दिसला. पण त्याआधी या दोघांचे नाते काय होते? कुरणात पहिल्यांदा समोरासमोर आले तेव्हा तो पाडसाकडे नुसता पाहून निघून गेला होता. हा कोण, असे बांबीने विचारल्यावर आईनेही त्याच्या शौर्याबद्दल आणि शहाणपणाबद्दल सांगितले, हा तुझा बाप म्हणून नाही. ‘बाळा’ ही हाक बांबी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकतो ती त्या बर्फात. आई गेली त्याच क्षणी त्याने पोराला आपले म्हटले. आणि बंदूकवाला अजून रानात असताना तिथे थांबून डोके कुरवाळत बसणे हे प्रेम झाले असते की वेडेपणा? शिवाय हा सत्तरेक मिनिटांचा चित्रपटच मितभाषी आहे, त्यातला एकूण संवाद हजार शब्दांच्या आत आहे. तिथे एकट्या बापाकडूनच बोलण्याची अपेक्षा का?

चित्रपटातली हरणे अमेरिकेतली, पांढऱ्या शेपटीची. या जातीत पिल्लू वाढवण्यात नराचा काहीच वाटा नसतो, सगळे हरणीवर. म्हणजे निसर्गाच्या हिशेबात हा बाप आला हेच जास्त. (लेखासोबत आपण चितळाचा फोटो छापला आहे. चितळाचे ठिपके जन्मभर राहतात. बांबीच्या जातीत ते फक्त पाडसाच्या अंगावर असतात आणि काही महिन्यांत जातात. ताडोब्याला जाऊन आलेल्या वाचकाला हा फरक खटकतो.) चित्रकारांनी त्याच्या रुबाबासाठी निसर्गाला मुरडही घातली आहे. या जातीचे नर हिवाळ्याच्या शेवटापर्यंत शिंगे गाळतात, पण बर्फ वितळत आलेल्या त्या दिवसांतही याच्या डोक्यावर भरगच्च शिंगे आहेत.

लेखात मूळ कादंबरीचा उल्लेखच नव्हता याचे जास्त आश्चर्य वाटले. व्हिएन्नाचे लेखक फेलिक्स साल्टन यांची ती कादंबरी १९२३ ची. कडक बाप पाहायचा तर तिथे पाहावा. आईला हाका मारत रडणाऱ्या बांबीला म्हातारा नर पहिल्याच भेटीत विचारतो, तुला एकट्याने राहता येत नाही का, लाज वाट! पुढे बांबीला गोळी लागते तेव्हा हाच म्हातारा त्याला उठवतो, माग काढणारा चकावा म्हणून गोल गोल फिरवतो आणि रक्त थांबवणारा पाला खायला लावतो. मरायला निघण्याआधी तो त्याला मेलेल्या शिकाऱ्याचे प्रेत दाखवतो. माणूस सर्वशक्तिमान नाही, तोही आपल्यासारखाच मरतो, हा त्याचा शेवटचा धडा. असा धडा देणारा बाप भावनाशून्य कसा म्हणायचा? साल्टन स्वतः शिकारी होते. ते ज्यू होते, आणि नाझी जर्मनीने १९३६ मध्ये त्यांच्या पुस्तकांवर बंदी घातली. सावध राहा, मागे खूण ठेवू नका, कोणाच्या दयेवर विसंबू नका, हे म्हाताऱ्याचे बोलणे काही वाचकांना नुसते रानापुरते वाटत नाही. मलाही वाटत नाही.

चित्रपटाने हा म्हातारा बराच मऊ केला आहे. लाज काढणे गेले, प्रेत गेले. गोळी लागून वणव्यात पडलेल्या बांबीला तो ‘ऊठ’ म्हणतो, तेवढाच मूळचा धाक उरला. २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाने तर आईच्या मृत्यूनंतरचे दिवस दाखवून त्याला हळूहळू खेळकर, मनमोकळा बाबा करून टाकले. आवाज पॅट्रिक स्टुअर्टसारख्या कसलेल्या नटाचा, पण काम सगळे समजूत घालण्याचे. पहिल्या चित्रपटात आई गेल्यावर एकदम वसंत येतो, पाखरे गाऊ लागतात आणि बांबी मोठा होऊन समोर येतो. त्या मधल्या काळात बापाने त्याला काय शिकवले, हे आपण ज्याच्या त्याच्या बापावरून ताडत होतो. ती जागा भरून काढायची काहीच गरज नव्हती.

लेखिकेला खरेच बोट ठेवायचे होते तर ते शेवटावर ठेवायला हवे होते. बांबीची जोडीदारीण फलीन हिला जुळी होतात, सारे रान बाळे पाहायला लोटते आणि त्यांचा बाप बांबी कुठे, तर दूर कड्यावर, म्हाताऱ्याशेजारी. म्हातारा मुकाट्याने निघून जातो आणि बांबी त्याच्या जागी उभा राहतो. चित्रपट हे सगळे मोठ्या दिमाखात दाखवतो. माझी हरकत इथे आहे. आई मेल्यावर पुढे होणारा बाप मला समजतो. आई जिवंत असताना, संकट नसताना, कड्यावरून खाली पाहत राहणारा बाप समजत नाही. धाकही पुढच्या पिढीकडे असा आपोआप सोपवला जातो, आणि त्याला चित्रपटात कोणीच हटकत नाही.

लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये, हा लेखातला सल्ला मात्र मला अर्धाच पटतो. अगदी लहानग्यांना नकोच, पण त्याचे कारण बाप नव्हे, बंदूक आहे. जरा मोठ्यांना दाखवावा आणि त्यांचे प्रश्न आले की मध्येच थांबवावा.

ही लेखमाला पुढे चालणार असेल तर एक विनंती. कादंबरीत गोबो नावाचे पाडस आहे, चित्रपटातून ते वगळले आहे. बर्फात पडलेल्या त्याला माणूस घरी नेतो, खाऊपिऊ घालतो, लाड करतो. गळ्यातला पट्टा मिरवत ते रानात परत येते, माणूस आपल्याला काही करणार नाही या भरवशावर भरदिवसा उघड्या कुरणात जाते आणि मारले जाते. पट्टा पाहून म्हातारा फक्त ‘बिचारा’ एवढेच म्हणाला होता. कडक बापांवर आठ रकाने आले, आता या लाड करणाऱ्या पालकावर दोन तरी येऊ द्यावेत.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा