परवानगीचे पैसे एकदाच येतात, पाणी रोज लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरे महाग का, यावर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. जमिनीचे भाव, व्याजदर, बिल्डरचा नफा, सगळ्याची चर्चा होते. महापालिकेचा जमाखर्च उघडून कोणी बघत नाही. एका नगरपालिकेच्या लेखा विभागात माझी सत्तावीस वर्षे गेली, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते.

माझी लेक एका वाढत्या शहराच्या कडेला राहते. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष एका कार्यालयाचा नाही. 84 फ्लॅटची सोसायटी, लेक तिथली खजिनदार. परवा तिच्याकडे टँकरची वही चाळली. रोजचे सहा टँकर, प्रत्येकी दहा हजार लिटर, टँकरला हजार रुपये. पहाटे पाचला पहिला टँकर आला की वॉचमन जमिनीखालच्या टाकीत बांबू बुडवतो, ओला भाग हाताच्या वितीने मोजतो आणि वहीत आकडा लिहितो. महिन्याला एक लाख ऐंशी हजार, म्हणजे फ्लॅटमागे वर्षाला पंचवीस हजारांच्या वर. त्याच फ्लॅटची वर्षाची घरपट्टी आहे अकरा हजार. घरपट्टी शंभर रुपयांनी वाढली तर मोर्चा निघेल, आणि तिच्या दुपटीहून जास्त रक्कम टँकरवाल्याला जाते तिची पावतीसुद्धा कोणी मागत नाही.

हे असे का होते? 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात, एलबीटी (स्थानिक संस्था कर) हे महापालिकांच्या हातातले कर गेले. बदल्यात राज्य सरकार दर वर्षी 8 टक्के वाढ धरून भरपाई देते. ती मिळते, पण तिचा दर ठरवणे महापालिकेच्या हातात नाही. घरपट्टी हातात आहे, पण तिला हात लावायची कोणाची तयारी नाही. मुंबईत 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. पुण्यात राहत्या घराची 40 टक्के सवलत काढली होती, ती 2023 मध्ये परत आली. मध्यमवर्गाला हा दिलासा मिळतो हे मला मान्य आहे. मीही त्याच वर्गातली आहे. पण खड्डा कुठून तरी भरावा लागतो, आणि तो भरला जातो बांधकाम परवानगीतून: विकास शुल्क, प्रीमियम, जादा एफएसआय (म्हणजे प्लॉटवर जास्तीचे बांधकाम करू देण्याचे पैसे).

आमच्या विभागात याला भांडवली जमा म्हणत. ती एकदा येते. पाणी, ड्रेनेज, दिवे, झाडूवाले यांचा खर्च कायमचा. इमारत मंजूर झाली त्या दिवशी तिजोरीत भर पडते, आणि माणसे राहायला आली की ओझे सुरू होते. म्हणून परवानगी चटकन मिळते आणि जलवाहिनी रेंगाळते. मधल्या काळासाठी बिल्डरकडून स्टॅम्प पेपरवर हमीपत्र घेतात की नळ येईपर्यंत पाण्याची सोय तो करील. सोसायटी नोंदली गेली, बिल्डर पुढच्या साइटवर गेला, की टँकरचा खर्च रहिवाशांच्या गळ्यात पडतो.

पुण्याच्या गावांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. पण त्या 23 गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून राज्याने पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, नेमले. म्हणजे परवानगी आणि तिचे शुल्क एकीकडे, पाणी आणि कचऱ्याची जबाबदारी दुसरीकडे. घरात कमावत्याच्या पगारावर एकाची सही आणि किराणा दुसऱ्याने भरायचा, असे कधी चालते का? जानेवारी 2025 मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला. विहिरीतले पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाताच घरोघर पोचत होते. टोलेजंग इमारती होत्या, त्यांचे पाणी मात्र गावाच्या जुन्या विहिरीचे.

यावर काही जण म्हणतात, नळ येईपर्यंत बांधकामेच थांबवा. मला ते पटत नाही. घरे कमी झाली की आहेत त्यांचे भाव चढतात, आणि ज्याला फ्लॅट झेपत नाही तो गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या तुकड्यांत, एक-दीड गुंठा घेऊन पत्र्याची खोली टाकतो. तिथे रस्ता नाही, गटार नाही. मग ते नियमित करायला पुन्हा कायदा करावा लागतो. 2001 मध्ये केलाच होता. घरे हवीत आणि पुष्कळ हवीत. पण त्या प्रकल्पातून आलेले शुल्क त्याच भागाच्या पाणी-ड्रेनेजसाठी वेगळ्या खात्यात राहिले पाहिजे, दुसरीकडच्या उड्डाणपुलाला जाता कामा नये. आधी रस्ते आखून मग प्लॉट पाडण्याची रीत आपल्याला नवी नाही. 1915 च्या नगररचना कायद्याखाली मुंबई-पुण्यात अशा योजना झाल्या. भांबुर्डा, म्हणजे आजचे शिवाजीनगर, त्यातलेच. तिथल्या रुंद, सरळ रस्त्यांवरून आपण आजही गाडी चालवतो.

आणि घरपट्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. पुण्यातल्या समाविष्ट गावांची वसुली 2024 च्या निवडणूक वर्षात राज्य सरकारने थांबवली. तिथल्या माणसांचा राग मला समजतो: सोय नाही तर कर कसला? पण कर नाही म्हणून सोय नाही आणि सोय नाही म्हणून कर नाही, या फेऱ्यातून टँकरवालाच तेवढा श्रीमंत होतो. ज्या भागात नळ पोचला त्या भागापासून पूर्ण घरपट्टी घ्या, आणि बिलाच्या मागे छापा की यातले किती पाण्याला गेले. लेकीच्या सोसायटीतल्या बायका मला म्हणाल्या, काकू, नळाला रोज एक तास पाणी येत असेल तर आम्ही पंधरा हजारही भरू. त्यांचा हिशोब चोख आहे, कारण वही त्यांच्याच घरात आहे.

आपणास एक विनंती. महापालिकांची अंदाजपत्रके येतील तेव्हा आपल्या वार्ताहरांनी दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत: वर्षात बांधकाम परवानगीतून किती रुपये आले, आणि त्याच भागांत जलवाहिनी व ड्रेनेजवर किती खर्च झाले.

आपली,
एक निवृत्त लेखापाल