पिन तुझी, रेझ्युमे माझा

निगडी, रविवार रात्र

प्रिय सुऱ्या,

गणपतीत "उद्या फोन करतो" म्हणालो होतो, तो उद्या आज उजाडला. शिव्या मनातल्या मनात घालून घे आणि पुढे वाच. फोनवर हे जमणार नाही. तू मध्येच हसशील आणि मी विषय बदलेन. तब्येत बरी. शुगर गोळीवर, आईचा गुडघा तसाच.

ऑगस्टमध्ये आमची लाईन दुसऱ्या प्लांटला हलली आणि आम्हाला हिशेब हातात ठेवून घरी पाठवलं. तुला कळवलं नाही, कारण २००९ मध्ये गेटवर तू काय म्हणाला होतास ते मला पाठ आहे. तुझं भाकीत खरं ठरल्याचा आनंद तुला एवढ्यात द्यायचा नव्हता.

मग बसलो रेझ्युमे लिहायला. म्हणजे बायोडाटाच लिहिला. वडिलांचं नाव, धर्म, विवाहित, छंद, आणि तळाला ते "आय हिअरबाय डिक्लेअर", सही, स्थळ, दिनांक. पॉलिटेक्निकसमोरच्या टायपिंगवाल्याने करून दिला होता तोच साचा, फक्त पोट वाढलेलं. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला म्हणाला, "साहेब, असं आता चालत नाही." तीनशे रुपये घेऊन त्याने दोन कॉलम केले, निळी पट्टी मारली, माझा लग्नाला जाताना काढलेला फोटो लावला, आणि प्रत्येक कौशल्यापुढे पाच ठिपके. वेल्डिंग फिक्स्चरपुढे चारच भरले. पाचवा का सोडला म्हटलं तर म्हणे, सगळे भरले की खोटं वाटतं.

चाळीसेक ठिकाणी पाठवला. एक फोन आला. विमा विकायचा होता.

शेवटी ताईच्या सईला दाखवला. ती हिंजवडीत दिवसभर हेच करते, लोकांचे रेझ्युमे बघते. तिने आधी फाईलमधला सगळा मजकूर उचलून साध्या नोटपॅडमध्ये टाकला. "मामा, तुमचा रेझ्युमे माणसाच्या आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि त्याला तो असा दिसू शकतो." दोन्ही कॉलम एकात एक घुसले होते. "क्रिकेट २००४ ते २०११ सिनिअर इन्स्पेक्टर." सात वर्षं मी सिनिअर क्रिकेट खेळलो बघ. तू मला अकरावा गडी म्हणून ठेवायचास, ते आठवलं.

पुढचं ऐक, हे तुलाच कळेल. मी लिहिलं होतं "टीएस १६९४९", आपलं ते गाड्यांच्या सुट्या भागांचं क्वालिटी स्टँडर्ड. सईला त्यातलं काही कळत नाही, पण तिने जाहिरात शेजारी ठेवली आणि म्हणाली, इथे तर आयएटीएफ १६९४९ आहे. २०१६ मध्ये नाव बदललं, त्यानंतरची सगळी ऑडिटं मी नव्या नावाने दिली, तरी तोंडात टीएसच. कंपनीवाला आयएटीएफ टाकून शोधणार आणि मी टीएस नावाच्या बिळात बसलेलो. मग तिने एकच कॉलम ठेवला. फोटो, धर्म, ठिपके, डिक्लेअर, सगळं उडवलं. "जबाबदाऱ्या नकोत. तुमच्यामुळे काय बदललं ते सांगा, आकडे घालून."

आणि मी, सुऱ्या, पिनेची गोष्ट सांगितली.

डावा-उजवा ब्रॅकेट अदलाबदल होऊन जायचा, महिन्याला चार-पाच तक्रारी यायच्या, आपण दोघं ग्राहकाच्या दारात पेट्या उघडून माल निवडत बसायचो. मग तू तुटलेल्या ड्रिलच्या दांड्याचा तुकडा कापून, वेल्डिंगला भाग धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरच्या कोपऱ्यात ठोकलास. चुकीचा ब्रॅकेट ठेवला की पिनेवर अडून तिरका व्हायचा, क्लॅम्प लागायचाच नाही. पुढच्या महिन्यात तक्रार शून्य. कायझेनचा, म्हणजे सुधारणा सुचवायचा, फॉर्म मी भरला, कारण तू म्हणालास, "मी काय कारकून आहे?" आणि बक्षिसाचं घड्याळ आलं माझ्या नावाचं. तीन महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. ते अजून स्वयंपाकघरात आहे, दहा मिनिटं पुढे.

सईला मी "आम्ही केलं" म्हणालो. देवाशपथ. ती म्हणाली, "आम्ही चालत नाही मामा," आणि टाईप केलं: डिझाइन्ड पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी युक्ती. इंग्रजीत त्या ओळीला कर्ताच नसतो रे! डिझाइन्ड. कोणी? तर कागदावर ज्याचं नाव आहे त्याने. मी ती ओळ तीनदा वाचली आणि गप्प बसलो.

पाच दिवसांत दोन फोन. गुरुवारी तळेगावला मुलाखत आहे. फोनवरचा माणूस म्हणाला, "ते डाव्या-उजव्याचं काय केलंत ते नीट सांगायला या, आमच्याकडे तोच घोळ आहे."

बाकीच्या तेरा फिक्स्चरना पिना मी लावून घेतल्या. तपासणीच्या कागदात, कंट्रोल प्लॅनमध्ये मी चढवलं. रात्रपाळीच्या पोरांनी त्या उपटून टाकल्या तेव्हा भांडलो मी, तू तोवर तासगावला पोचला होतास. बघ, लागलो वकिली करायला. काल ती ओळ बदलून "सहकाऱ्याच्या कल्पनेवरून चौदा फिक्स्चरवर लागू केलं" असं केलंय. सई म्हणते लांबली, पण राहू दे. पण आधीच्या ओळीसकट गेलेले अकरा रेझ्युमे गेले, आणि तळेगावचा त्या अकरांतलाच. तिथे तुझं नाव घेऊ का? घेतलं तर ते विचारतील, मग त्यालाच का बोलावू नये. (येणार आहेस का? बाग विकून?)

तुझं काय? छाटणी आटोपली असेल. यंदा द्राक्षांवर डावण्या रोग कितपत? मुक्ताला कुठे प्रवेश मिळाला तेही विचारायचं राहिलंय. वहिनींना नमस्कार, आणि त्यांच्या लोणच्याची बरणी अजून माझ्याकडेच आहे हे मला माहीत आहे.

बुधवार रात्रीपर्यंत कळव. शिव्यांसकट चालेल.

तुझा,
दिल्या

ता.क. पिन सहा एमएमची होती की आठची? कितीही आठवलं तरी आठवेना, आणि गुरुवारी तेच पहिलं विचारतील.