५०,००० प्रतींची अट मराठी बँडला कशी झेपणार?

संपादक महोदय,

दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करणारे बँड उसनवारीवर जगतात, असे मत रविवारच्या पुरवणीत वाचले आणि राहवले नाही म्हणून लिहिते आहे.

मी सहा वर्षे न्यू जर्सीत, जर्सी सिटीला राहिले. शेजारच्या होबोकनमध्ये १९८४ साली 'यो ला टेंगो' हा बँड सुरू झाला. आयरा कॅप्लन गिटारवर, त्यांच्या पत्नी जॉर्जिया हबली ड्रम्सवर. १९९० मध्ये त्यांनी 'फेकबुक' हा अल्बम काढला, त्यातली बहुतेक गाणी इतरांची. २०१५ मध्ये पुन्हा तसाच अल्बम, 'स्टफ लाइक दॅट देअर'. त्यात 'द क्यूअर' या ब्रिटिश बँडचे 'फ्रायडे आय ॲम इन लव्ह' हे गाणे जॉर्जियाबाई गातात. मूळ गाणे उड्या मारायला लावणारे. बाई ते जवळजवळ कुजबुजत म्हणतात. सोबत डबल बेस, अगदी हलके ड्रम्स. शुक्रवारच्या आनंदामागे आठवडाभराची उदासी दडली आहे, हे मला तेव्हा कुठे ऐकू आले. एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकणाऱ्यांना हे वेगळे सांगायला हवे का?

अमेरिकेत गाणे एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आले की ते कोणालाही पुन्हा रेकॉर्ड करता येते. प्रत्येक प्रतीमागे ठरलेली रॉयल्टी द्यायची. २०१५ मध्ये पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला ती ९.१ सेंट होती. हजार प्रती काढल्या तर हजारांचेच पैसे.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ सी प्रमाणे मूळ रेकॉर्डिंगनंतर पाच वर्षे थांबावे लागते. रॉयल्टी मात्र प्रती काढाल त्या प्रत्येक वर्षी किमान ५०,००० प्रतींची. शिवाय तांत्रिक गरजेपलीकडे मूळ कृतीत बदल करायचा नाही. मिरजेत आम्ही तिघे घरच्या खोलीत गिटार, पेटी आणि काहोनवर (खोक्यासारखे तालवाद्य) सहा जुनी मराठी गाणी बसवतो आहोत. तीनशे प्रती खपल्या तरी आम्हाला खूप झाले. गीतकार-संगीतकारांचे पैसे बुडवायचे नाहीतच, पण न काढलेल्या प्रतींचे कुठून आणायचे?

एखाद्या भाषेतल्या किंवा बोलीतल्या गाण्यांचा संभाव्य खप पाहून ही किमान संख्या कमी करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. मराठीसाठी, अहिराणी-मालवणीसाठी ती वापरावी, ही मागणी संगीतकारांच्या संघटनांनी लावून धरावी आणि आपण त्यावर सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

पहिल्या गाण्याच्या गीतकारांच्या वारसांना आम्ही थेट पत्र पाठवले आहे. उत्तराची वाट पाहतो आहोत.

आपली एक वाचक,
मिरज