सोफ्याचा रंग सर्वांत शेवटी ठरवा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की पुरवण्यांत आणि मोबाइलवर सोफ्यांच्या जाहिराती सुरू होतात. चित्रात भिंतभर काचेची खिडकी आणि तिच्यापुढे मलईरंगी सोफा. ते चित्र घेऊन सांगली-मिरजेच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक आधी रंग विचारते, आणि हॉलचे माप विचारले तर दोन्ही हात पसरून दाखवते. कापड पुढे कधीही बदलता येते. माप आणि सांगाडा चुकला तर तो दहा वर्षे सोबत राहतो. म्हणून खरेदीचा हंगाम सुरू होण्याआधी हे पत्र.

सुरुवात रद्दीपासून करावी. सोफ्याच्या बाहेरच्या मापाएवढी वर्तमानपत्राची पाने चिकटपट्टीने जोडून जमिनीवर पसरावीत (आपलीच पाने चालतील) आणि दोन दिवस घरात तसेच वावरावे. आपल्याकडच्या फ्लॅटमधला १० बाय १२ फुटांचा हॉल घ्या. सोफा १२ फुटी भिंतीला लावला तर समोर १० फूट, म्हणजे १२० इंच मिळतात. सोफ्याची बाहेरची खोली (पाठीमागून पुढच्या कडेपर्यंत) ३५ इंच, मध्ये पाय ठेवायला १६, टीपॉय २०, समोरचे टीव्हीचे युनिट १६. ये-जा करायला ३३ इंच उरले. एवढी वाट पुरते. त्याच हॉलमध्ये एल आकाराचा सोफा बसवला की त्याची आडवी बाजू बरोबर गॅलरीच्या किंवा स्वयंपाकघराच्या वाटेत येते. शिवाय गणपतीची आरास आणि हळदीकुंकू यांसाठी वर्षातून दोन-तीनदा हॉल रिकामा करावा लागतो. एल सोफा सरकवून सरकवून सरकणार कुठे? घ्यायचाच असेल तर दोन सुट्या भागांचा घ्यावा आणि ऑर्डर देताना ‘उजवा’, ‘डावा’ असे शब्द न वापरता खिडकी-दरवाजा दाखवणारा नकाशा कागदावर काढून द्यावा. कारण दुकानदाराचा उजवा सोफ्यासमोर उभे राहून असतो आणि गिऱ्हाइकाचा सोफ्यावर बसून.

‘थ्री सीटर’ या शब्दावरही जाऊ नये. बाहेरून ६ फूट लांब आणि दोन्ही हात ९-९ इंच जाड असलेल्या सोफ्यात बसायला ५४ इंच राहतात, माणशी १८. तिघे मोठे त्यात कोंबून बसतात. तेच हात ४ इंचांचे केले तर माणशी २१ इंचांहून जास्त मिळते. लहान हॉलमध्ये बारीक हाताचा सोफा घ्यावा, याचे कारण हे साधे गणित आहे.

बैठकीची उंची जमिनीपासून १७ ते १८ इंच असावी. घरात गुडघेदुखीचे कोणी असेल तर १९. ही उंची माणूस बसून गादी दबल्यानंतर मोजायची. बैठकीची खोली २१-२२ इंच ठेवली तर पाठ टेकून पाय जमिनीला लागतात. मांडी घालून बसायची सवय असलेल्याला मात्र २४ इंच लागतात आणि ही दोन्ही माणसे एकाच घरात असतात. म्हणून ३+१+१ चा एकसारखा सेट घेण्याची रूढी सोडावी. सोफा थोडा खोल घ्यावा आणि एका सिंगलऐवजी आजी-आजोबांसाठी लाकडी हातांची, जरा उंच बैठकीची खुर्ची करून घ्यावी. उठताना ज्यावर जोर देता येतो तो कडक हात त्यांना हवा असतो, मऊ उशीचा नव्हे.

घरात शिरण्याचा प्रश्न फ्लॅटमध्ये जिन्याच्या वळणावर येतो, तर गावभागातल्या जुन्या घरांत चौकटीवर. दाराची मोकळी रुंदी मोजावी, पल्ला उघडल्यावर राहते ती. सोफ्याची उंची किंवा खोली, यांपैकी एक तरी त्याहून दोन इंच कमी हवी. तसे नसेल तर पाठ बोल्टवर सुटी होणारी बांधून घ्यावी. बांधतानाच सांगितले तर हे सोपे काम आहे. दारात अडकल्यावर करवत चालवावी लागते.

घाटाबद्दल, म्हणजे सोफ्याच्या आकाराबद्दल, आमचे स्पष्ट मत असे की आपल्या भागात पायांचा सोफा घ्यावा. जमिनीला टेकलेला पेटीसारखा सोफा फोटोत भारदस्त दिसतो, पण रोजच्या ओल्या फडक्याचे पाणी त्याच्या तळाच्या प्लायमध्ये मुरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत कडा फुगतात. खाली ५-६ इंच मोकळे असतील तर केरसुणी जाते, हवा खेळते. भिंतीपासूनही ३ इंच अंतर ठेवावे, नाहीतर ओल आलेल्या भिंतीची बुरशी मागच्या कापडावर चढते. बटणे दाबून खळगे केलेल्या पाठीच्या सोफ्याचे सौंदर्य मान्य, पण खळगा तितकी धूळ, आणि ढेकूण झाले तर औषध आतपर्यंत पोहोचत नाही.

पूरपट्ट्यातल्या तळमजल्याचा विचार वेगळा. २०१९ साली सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फुटांची. अशा पाण्यापुढे सोफ्याचे पाय किती उंच, याला काही अर्थ नाही. तिथे सागवानी किंवा लोखंडी चौकट आणि सुट्या गाद्या असलेला सोफाच घ्यावा. पाणी वाढू लागले की गाद्या अर्ध्या तासात वरच्या मजल्यावर जातात. पुरात भिजलेला सागवानी सांगाडा धुऊन सावलीत हळूहळू वाळवला तर पुन्हा उभा राहतो. उन्हात घाईने वाळवला तर तडकतो. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेल्या फळ्या) फुगतात ते फुगलेच राहतात. आणि गढूळ पाणी प्यालेला फोम बाहेरून कितीही कोरडा लागला तरी फेकूनच द्यावा.

आत काय आहे ते पाहण्याचा आग्रह धरावा. दुकानात सोफ्याचा पुढचा एक पाय ६ इंच उचलावा. पुढचा दुसरा पायही जवळपास लगेच उचलला गेला तर चौकट ताठ आहे. तो जमिनीलाच राहिला तर सांगाडा पिळतो आहे, म्हणजे सांधे कच्चे आहेत. कोपऱ्यांत लाकडी ठोकळे चिकटवून स्क्रूने आवळलेले हवेत. खालचे काळे कापड एका कोपऱ्यात उसवून हे दिसते. शिवून घेतलेल्या सोफ्यात तर कापड चढण्यापूर्वीचा सांगाड्याचा फोटोच मागावा.

फोमबाबत सर्वांत जास्त फसगत होते, कारण दाबून पाहणे ही परीक्षाच चुकीची आहे. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोमधले वजन. मऊ-कडकपणा ही वेगळी गोष्ट. बैठकीला ४० घनतेचा फोम घालावा, पाठीला ३२ चालतो. बैठकीत हलका फोम घातला की वर्षा-दीड वर्षात मधोमध खड्डा पडतो. तपासायचे कसे? २२ बाय २२ बाय ५ इंचांचा फोमचा तुकडा काट्यावर ठेवावा. ४० घनतेचा असेल तर सुमारे १ किलो ६०० ग्रॅम भरतो, ३२ चा १ किलो २७० आणि २३ चा जेमतेम ९०० ग्रॅम. किराणा दुकानातला काटा पुरतो.

कापडात रेक्झिनविषयी थोडे कडू बोलावे लागेल. पुसायला सोपे म्हणून लोक घेतात, पण पीयू (पॉलियुरेथेन) रेक्झिनचा थर दमट हवेने आणि घामाने सुटतो व पापुद्रे पडतात. पीव्हीसी या दुसऱ्या प्रकारच्या रेक्झिनमधला मऊपणा देणारा पदार्थ कालांतराने निघून जातो, मग ते कडक होऊन चिरते. डोके टेकते तिथे तेलाने हे आधी होते. बारीक गाठींसारख्या गुंडाळ्या असलेले, मेंढीच्या लोकरीसारखे दिसणारे कापड सध्या चलतीत आहे. बांगड्या, पैंजण, जोडवी असलेल्या घरात त्याचे धागे महिनाभरात ओढले जातात. घट्ट विणीचे पॉलिस्टर किंवा पॉलिस्टर-कॉटन कापड सर्वांत कमी त्रास देते. कॅटलॉगच्या मागे घासण्याच्या चाचणीचा आकडा, मार्टिनडेल, दिलेला असतो. रोजच्या वापराला तो २०,००० च्या वर असावा.

आता रंग. जे बदलणार नाही तिथून सुरू करावे, म्हणजे फरशीपासून. जुन्या घरातल्या काळपट शहाबादीवर राखाडी सोफा मेल्यासारखा दिसतो. विटकरी, मोहरी, गेरू हे रंग तिथे उठतात. नव्या फ्लॅटमधल्या मलईरंगी टाइल्स आणि त्याच रंगाच्या भिंती यांच्यात मलईरंगीच सोफा ठेवला की हॉलला दवाखान्याच्या प्रतीक्षागृहाची कळा येते. भिंतीपेक्षा निदान दोन छटा गडद असा मेंदी, मोरपंखी किंवा मातकट राखाडी रंग तिथे बसतो. अगदी काळ्या किंवा गडद निळ्यावर काळ्या रानाची वाळलेली धूळ पांढरट दिसते आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर हेच गडद रंग एका बाजूने विटलेले लगेच कळतात. विटणे टाळायला पडद्याला अस्तर लावावे.

कॅटलॉगमधल्या चार इंची तुकड्यावर निर्णय घेऊ नये. फूटभर तरी नमुना घरी आणून सोफ्याच्या जागी उभा लावावा. सकाळी, दुपारी तीन वाजता आणि रात्री आपल्याच दिव्यात पाहावा. दुकानातल्या पिवळ्या दिव्यात उबदार वाटलेला तपकिरी रंग घरच्या पांढऱ्या एलईडीखाली हिरवट दिसू शकतो. मखमलीचा नमुना तर दोन्ही दिशांनी हात फिरवून पाहावा. लव उलटी झाली की तोच तागा वेगळ्या रंगाचा भासतो. म्हणून सगळ्या गाद्यांची लव एकाच दिशेला बेतली आहे का, हे माल ताब्यात घेताना तपासावे.

फिकट रंगाची हौस असणाऱ्यांनी हळदीच्या या पेठेत एक गोष्ट लक्षात ठेवावी. हळदीला चुना लागला की कुंकू होते. कपड्याचा साबण आणि सोडाही तेच करतात, म्हणून आमटीच्या डागावर साबण चोळला की पिवळा डाग लाल होतो. आधी चमच्याने उचलावे, थंड पाण्याच्या फडक्याने टिपावे, आणि खोळ सुटी होत असेल तर धुऊन उन्हात घालावी. हळदीचा रंग उन्हात उडतो. थोडक्यात, फिकट रंग घ्यायचा तर खोळीला चेन हवीच.

५४ इंच पन्ह्याचे साधे कापड तीन जणांच्या सोफ्याला ७ ते ८ मीटर लागते. मोठी नक्षी जुळवायची तर मीटर-दीड मीटर जास्त. लाकडाचा प्रकार, प्लायचा शिक्का, फोमची घनता, कापडाच्या कॅटलॉगचे नाव आणि क्रमांक हे सारे बिलावर लिहून घ्यावे. हमी सांगाड्याची, फोमची की कापडाची, तेही. ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ आली तर तोंडी ‘एक नंबर माल’ उपयोगी पडत नाही. शिवताना त्याच ताग्यातले अर्धा मीटर कापड जादा घेऊन माळ्यावर ठेवावे. दोन वर्षांनी एक हात फाटला तर त्याच क्रमांकाचे कापड मिळते, पण रंगाचा घाणा बदललेला असतो आणि ठिगळ दारातूनच ओळखू येते.

आपला,
सोफा-गादीकामातील एक वाचक,
सांगली