तुळशीने मान का टाकली

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल फोन ठेवला, पण आईचा आवाज काही कानातून जाईना. "घरातली तुळस अशी मलूल झाली की बरं नसतं गं, त्यात यांचं डोळ्याचं ऑपरेशन आठवड्यावर आलंय." आई, म्हणून हे सविस्तर लिहितेय. फोनवर तू घाबरलेली असतेस आणि मी घाईत, मग निम्मं सांगायचं राहून जातं.

तू पाठवलेले फोटो मी मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. पानं खाली लोंबलीत, खालची पिवळी पडलीत. पण माती काळी आणि ओलीगच्च आहे, वरती हिरवं शेवाळ धरलंय आणि कुंडीखालची ताटली काठोकाठ भरलीय. चिलटं घोंघावतात असंही तूच म्हणालीस. पाणी कमी पडलेल्या झाडाची माती अशी नसते. तुझी तुळस पाण्यात बुडतेय, आई. बाबांच्या डोळ्याशी तिचा काही संबंध नाही.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या जागेत ती हवा असते. तिथे सतत पाणी भरलेलं राहिलं की मुळं गुदमरतात, मग कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून भर पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने मान टाकतं. आपण ते बघतो आणि आणखी एक तांब्या ओततो. मी इथे बेंगळुरूला हेच केलं होतं. वाईहून तू डब्यात घालून दिलेलं रोप, मी रोज जास्तच पाणी घालत राहिले. शेवटी उपटलं तेव्हा मुळं भिजलेल्या सुतासारखी हातात आली. ते अजून मनाला लागून आहे, म्हणून ही तुळस मला वाचवायचीच आहे.

तू म्हणशील, वाईला पन्नास वर्षं रोज तांब्याभर पाणी घातलं, तेव्हा काही झालं नाही. बरोबर आहे. पण आजोबांनी बांधलेलं ते वृंदावन आतून पोकळ होतं, खाली फरशी नव्हती. मुळं थेट अंगणाच्या जमिनीत गेलेली, जास्तीचं पाणी खाली मुरून जायचं. पुण्याच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, दादाने आणलेल्या त्या चिनीमातीच्या कुंडीत, ते जाणार कुठे? तांब्या तोच आहे, खालची जमीन तेवढी गेली. त्यात तुझा आंघोळीनंतरचा तांब्या, बाबा फिरून आले की बाटलीत उरलेलं पाणी तिलाच, शिवाय बाल्कनी धुणाऱ्या मावशीही घालतात. आणि वर पावसाची झड. सगळ्यांनी मायेनेच घातलं, पण मोजलं कुणीच नाही.

ताटलीतलं पाणी आजच ओता. उद्या पहाटे सहाला एकदा तिच्याकडे बघा. दुपारच्या उन्हात पानं सुकणं आणि संध्याकाळी सावरणं हे चालायचंच. पहाटेही मान खालीच असेल, तर दुखणं मुळात आहे. मग खोडाला नखाने हलकं खरवडा. सालीखाली हिरवं दिसलं तर तुळस जिवंत आहे. पानांच्या मागे पिठासारखी पांढरी कीड नाही ना, तेही जाता जाता पाहा. मला फोटोत दिसली नाही.

बाबा, कुंडी तुम्ही बदलायची, पण शनिवारीच. रविवारी आई तुळशीला कात्री लावू देणार नाही आणि ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर सांगतील तोवर मातीत हात घालायचा नाही, वाकायचं नाही. कुंडी टेबलावर चढवायला शेजारच्या मुलाला बोलवा. वर्तमानपत्र पसरून झाड आडवं धरून अलगद काढा. मुळांचा वास घ्या. पांढरी, कडक मुळं चांगली. तपकिरी, बुळबुळीत, ओढली की साल सुटून येणारी, ती सगळी कापून टाका. कात्री आधी स्पिरिटने पुसा. जेवढी मुळं गेली त्या मानाने वरचा पालाही कमी करा, साधारण तिसरा हिस्सा, आणि मंजिऱ्या सगळ्या काढा. उरलेल्या मुळांना एवढा संसार पेलणार नाही.

नवी कुंडी साध्या भाजलेल्या मातीची, दहा इंची, तळाला भोक असलेली. मातीची कुंडी अंगातूनही पाणी सोडते, चिनीमातीची झिलई ते होऊ देत नाही. फार मोठी घेऊ नका, मुळांपेक्षा माती जास्त झाली की ती ओलीच राहते. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग भरड वाळू. बाबा, तुम्ही तळाला विटांचे तुकडे नि खडी भरता ना, ती या वेळी नको. पाणी बारीक मातीतून खडीत सहजी उतरत नाही, वरच अडून बसतं, आणि ओलसर थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी पालथी ठेवली की पुरे.

लावल्यावर एकदाच भरपूर पाणी, खालून निथळून जाईपर्यंत. मग आठ-दहा दिवस उजेड येईल पण कडक ऊन आणि पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा. महिनाभर खत नाही. पाण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी.

आई, तुझ्या पूजेत मला काही बदलायचं नाही. रोज पळीभर पाणी तुळशीला वाहा. तांब्यातलं उरलेलं ताम्हनात सोड आणि कढीपत्त्याच्या मोठ्या कुंडीला घाल. पाणी घालणारी घरात फक्त तू, हे मावशींनाही सांग.

कापलेल्या शेंड्यांतले मंजिरी नसलेले चार-पाच, बोटाएवढे लांब, खालची पानं काढून काचेच्या पेल्यात पाण्यात ठेव. दोन दिवसांनी पाणी बदलत जा. साधारण दोन आठवड्यांत मुळं फुटतात. वाळलेल्या मंजिऱ्याही पुडीत बांधून ठेव, तळहातावर चोळल्या की बी सुटतं. जुनं झाड नाही सावरलं, तरी ही वाईच्याच तुळशीची लेकरं आहेत, आणि कार्तिकात लग्न लावायला तुझ्याकडे तुळस असेल.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी पोहोचतेय. शनिवारी मुळांचा फोटो पाठवा, कापण्याआधीचा. मी फोन जवळच ठेवते.

तुमची,
मनू