दगडासोबत गावाचं नावही जाऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सिल्लोड तालुक्यात गेली २६ वर्षं यारीवर, म्हणजे दगड-माती वर ओढणाऱ्या यंत्रावर, विहिरी खोदतो. या भागात काळ्या कातळाखाली मांजऱ्या खडक लागतो, करडा-तांबूस आणि पांढऱ्या ठिपक्यांचा. हे पांढरे ठिपके वाढून कधी कधी काय होतात, ते आम्हा खोदणाऱ्यांइतकं कुणी पाहिलेलं नसेल. त्याबद्दलच लिहितो आहे.

२०११ च्या एप्रिलमध्ये शिवना गावच्या शिवारात, ४० फुटांवर सुरुंग उडवला. धूर निवळल्यावर खाली उतरलेला गडी वर यायला तयार होईना. "दादा, तुम्हीच खाली या," एवढंच म्हणाला. खडकात डोकं आत जाईल एवढी पोकळी उघडली होती. बॅटरी मारली तर आत काचेसारखे स्वच्छ, फिकट हिरवे, टोकदार खडे उभे होते आणि त्यांच्या बुडाशी गुलाबीसर पाकळ्यांचे झुपके, गव्हाच्या पेंढ्या मधोमध आवळून बांधाव्यात तसे. विहिरीला पाणी लागल्यावर आरडाओरडा होतो. त्या दिवशी आम्ही पाचही जण गप्प होतो.

आठवड्याच्या आत एक व्यापारी आला, शेतमालकाला सगळ्याचे मिळून २००० रुपये दिले आणि पोत्यात भरून घेऊन गेला. कमी दराची तक्रार वेगळी आहे, ती आज करत नाही.

चार वर्षांनी माझा पुतण्या भूगर्भशास्त्र शिकायला लागला. त्याने एकदा मोबाइलवर विक्रीला ठेवलेला एक दगड दाखवला. मी पाहताक्षणी ओळखला. डाव्या कोपऱ्यावर माझ्याच पहारीचा टवका होता. खाली लिहिलं होतं : जळगाव, भारत. जळगाव जिल्ह्यातही असे सुंदर दगड निघतात, त्या मातीचा मान तिला आहेच. पण हा दगड आमचा होता आणि त्याच्यावरून आमच्या गावाचं नाव पुसलं गेलं होतं. मला ते फार लागलं.

पुतण्याने मग सगळं समजावून सांगितलं. हिरवा तो अ‍ॅपोफिलाइट, त्याला तो रंग व्हॅनेडियममुळे येतो. गुलाबी तो स्टिल्बाइट, झिओलाइट नावाच्या खनिजांच्या जातीचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात मुरलेल्या गरम पाण्याने विरघळवून आणलेलं सगळं त्या पोकळ्यांत हळूहळू जमत गेलं आणि स्फटिक वाढले. ज्या काळ्या पाषाणात अजिंठ्याची लेणी कोरली, त्याच पाषाणाच्या पोटातली ही गोष्ट.

संग्राहक दगडासोबतची चिठ्ठी दगडाइतकीच जपतात, हेही तेव्हाच कळलं. ठिकाण हरवलं की तो दगड फक्त शोभेचा उरतो. कोणत्या थरात, किती खोलीवर, कोणत्या खनिजाशेजारी वाढला हे अभ्यासकाला पुन्हा कधीच कळत नाही, कारण विहीर तोवर बांधून झालेली असते. पुण्याजवळच्या वाघोलीचं पाहा. कॅव्हन्साइट हे निळंभोर खनिज आधी अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये सापडलं, पण आज त्याच्यासोबत जगभर वाघोलीचं नाव घेतलं जातं. तिथल्या खाणीतला दगड वाघोलीच्या नावाने गेला म्हणून. आमची शिवना, अजिंठा, फर्दापूर ही नावं का जाऊ नयेत?

माझ्यासारख्या यारीवाल्यांना आणि खडी क्रशरवाल्यांना हात जोडून सांगतो, पोकळी दिसली की पहार बाजूला ठेवा. सुयांसारखे पांढरे स्फटिक नुसत्या बोटाने मोडतात. अ‍ॅसिडने धुऊ नका, झिओलाइट त्यात खराब होतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. सुयांचा दगड कापसात गुंडाळू नका, तंतू आत अडकले की निघत नाहीत. आणि दगड देण्याआधी गाव, तालुका, खोली आणि महिना एवढं कागदावर लिहून सोबत द्या. व्यापाऱ्यांनाही विनंती आहे की तो कागद फेकू नका.

सिन्नरचं गारगोटी संग्रहालय मी दोनदा पाहून आलो. तिथे आपल्या दख्खनचे दगड काचेत, दिव्याखाली मांडलेले आहेत. दुसऱ्या वेळी आमच्या पाचातला तो गडीही सोबत होता, तो एकेका कपाटापुढून हलेना. आमच्या तालुक्यात एवढं मोठं काही उभं राहायला वेळ लागेल. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत एक काचेचं कपाट बसायला काय अडचण आहे? मुलं या दगडांवरून रोज चालतात.

त्या दिवशीचा तळहाताएवढा एक तुकडा शेतमालकाने मला दिला होता. इतकी वर्षं तो देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. येत्या जूनमध्ये तो गावच्या शाळेला देणार आहे. पुतण्याने चिठ्ठी लिहून खाली चिकटवली आहे : "अ‍ॅपोफिलाइट व स्टिल्बाइट. शिवना, ता. सिल्लोड. विहीर, खोली ४० फूट. एप्रिल २०११."

आपला,
एक विहीर खोदणारा, ता. सिल्लोड, जि. छत्रपती संभाजीनगर