गाण्याकडून सेवेकडे वळणारे कलावंत

संपादक महोदय,

एखाद्या गायकाने मैफली कमी करून पूरग्रस्तांसाठी किंवा विडी कामगार महिलांसाठी काम सुरू केले, की त्याचा गळा संपला असावा, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. हे मत मला अन्यायाचे वाटते. अमेरिकेतील गायक हॅरी बेलाफोंटे लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाच मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नागरी हक्क चळवळीत उतरले, १९६३ मध्ये बर्मिंगहॅम येथे अटक झालेल्या आंदोलकांच्या जामिनासाठी त्यांनी पैसा उभा केला आणि १९८७ पासून युनिसेफचे सदिच्छा दूत म्हणून काम केले. आपल्याच जिल्ह्यातील बार्शीचे शाहीर अमर शेख यांनीही १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक उभारले आणि आपला पहाडी आवाज कामगारांसाठी, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी वाहिला. सोलापूरकरांना याचा विसर पडावा, ही खेदाची गोष्ट आहे.

मात्र नाव मोठे असले म्हणून काम आपोआप चांगले होत नाही. गरजूंची निवड, रुग्णालयांशी बोलणी आणि चोख हिशेब हे वेगळे कसब असून ते शिकावेच लागते. म्हणून हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात मदतनिधीसाठी कार्यक्रम झाल्यास भाडे, ध्वनियंत्रणा आणि वादकांचे मानधन वजा जाता किती रक्कम कोणाला पोहोचली, हे आयोजकांनी महिनाभरात जाहीर करावे आणि सेवेकडे वळलेल्या तरुण कलावंतांना शहरातील अनुभवी सामाजिक संस्थांनी सोबत घेऊन शिकवावे, अशी माझी विनंती आहे.

– एक संगीतप्रेमी वाचक, सोलापूर